कात्री चालते

माझी मावशी रोस्विता टेशे हिने आयुष्यात कुणाचं कौतुक केलं नाही, असं गावात म्हणतात. खोटं आहे. ती कौतुक करते. फक्त एकाच शब्दात करते, आणि तेही फक्त कात्रीचं. आईच्या लग्नात सगळ्यांनी तिला विचारलं होतं, नवरा कसा वाटला? मावशी म्हणाली, "अजून उघडून पाहिला नाही."

तिचा तो एकुलता एक शब्द म्हणजे 'चालते'.

जर्मनीतलं आमचं झोलिंगन म्हणजे सुऱ्या-कात्र्यांचं गाव. इथे कात्री कापड चावते, चघळते, मध्येच अडते, टोकापाशी जाऊन झोपते. हे सगळं न करणारी जी उरते, ती चालते. म्हणजे मुठीपासून टोकापर्यंत एका श्वासात जाते. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. बाकीच्या जगात 'चालते' म्हणजे 'ठीक आहे, वेळ मारून नेईल'. आमच्याकडे ह्याच्या वर शब्दच नाही. मला वाटतं, पुढची सगळी भानगड इथूनच सुरू झाली.

मावशी कात्र्या जोडते. दोन पाती वेगवेगळी घडून, धार लावून तिच्यापुढे येतात. ती त्यांना ऐरणीवर हातोडीने हलकेच वाकवते, मधला स्क्रू बसवते आणि ऐकते. जोडलेली कात्री उजेडासमोर मिटून धरली तर दोन पात्यांच्या मध्ये बारीक फट दिसते. नवखा माणूस म्हणतो, वाकडी झाली. ती वाकडी नसते. पाती एका वेळी एकाच बिंदूत भेटायला हवीत आणि तो बिंदू मुठीकडून टोकाकडे सरकत जायला हवा. तो सरकतो का नाही, हे डोळ्यांना कळत नाही. कानांना कळतं.

तिचे वडील वुपर नदीच्या काठी सहाणेवर पाती पाजवायचे. त्या काळात बायकांनी पात्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन चढ चढायचा, एवढंच त्यांचं काम. मावशी सतरा वर्षांची असताना गावातल्या सगळ्यात खडूस जोडणाऱ्याकडे गेली. त्याचं नाव लाम्बेर्टस. म्हणाली, मला शिकवा. तो म्हणाला, "टोपली खाली पडली का पोरी?" ती दारातल्या पायरीवर बसली. रोज. बाराव्या दिवशी म्हातारा खेकसला, "दारात बसून वारा अडवतेस. आत मर." मग तीन महिने त्याने तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं. तो मागे कात्र्या उघडमिट करणार आणि ही नुसतं सांगणार. अडते. चावते. चघळते. ज्या दिवशी वीसच्या वीस बरोबर आल्या त्या दिवशी त्याने शाबासकी दिली नाही, हातोडी दिली.

तो कान तिच्याकडे अजून आहे. आमच्या घराचा दरवाजा 'चावतो', शेजाऱ्यांची गाडी 'चघळते'. मी तिच्या मालकांची नक्कल करते तेव्हा ती डोळे मिटून ऐकते आणि म्हणते, "सुरुवात बरी. टोकापाशी झोपते." त्यामुळे मी टोकावर फार मेहनत घेतली आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

मालक म्हणजे बर्टोल्ड ब्रेमखाम्प. कारखाना पाच माणसांचा. ब्रेमखाम्पसाहेब प्रत्येक वाक्याआधी उसासा टाकतात, जणू वाक्य तळघरातून वर उचलून आणायचं असतं. शाळा समोरच असल्यामुळे मी दुपारचा डबा मावशीच्या बाकाशेजारी बसून खाते. म्हणून सप्टेंबरातला तो उसासा मी स्वतः ऐकला.

"हं… टेशेबाई. जग बदललं."

"कधी? सकाळी तर होतं तिथेच होतं."

"हं… आता स्क्रू कुणी मागत नाही. रिव्हेटची खीळ मारलेल्या तयार कात्र्या येतात. यंत्राचा एक ठोका, झालं काम."

"आणि सैल पडली की?"

"फेकायची. नवी घ्यायची."

मावशीने हातातली कात्री खाली ठेवली. ती कात्री अशी कधी ठेवत नाही.

साहेबांचं म्हणणं असं होतं: हाताने जोडलेल्या कात्र्या घेणारं गिऱ्हाईक संत मार्टिनच्या दिवसापर्यंत, म्हणजे अकरा नोव्हेंबरपर्यंत, मिळालं तर ठीक. नाहीतर खिडकीतला जोडणीचा बाक निघणार आणि त्या उजेडाच्या जागी डबे भरायचं टेबल येणार. मावशीला काढणार नव्हते. तिने डबे भरायचे.

डबे भरायचं टेबल आत्ता संडासाच्या दाराशेजारी आहे आणि तिथे नेविन काम करते. पस्तिशीची, जिभेला धार स्वतःच लावून आलेली. ती तिथून ओरडली, "मला खिडकी नकोय हो! मी इथे सुखी आहे. कोण किती वेळा जातो, सगळा हिशेब माझ्याकडे आहे!"

"संत मार्टिनपर्यंत," मावशी म्हणाली. बस्स.

दुसऱ्या दिवशी बाकाचे चारही पाय लाकडी जमिनीला स्क्रूने पक्के केलेले होते. कुणी केले, हे कुणी विचारलं नाही.

आणि मग तिने तळघरातली पेटी वर आणली. त्या पेटीत साहेबांच्या आजोबांच्या काळची घडवून ठेवलेली कोरी पाती होती. कागद कापायच्या कात्रीची. कुणा चित्रकाराने तेव्हा आकार काढून दिला होता. नक्षी नाही, नाव नाही. अंगठ्याचं कडं गोल, तीन बोटांचं लांबट, आणि तिथून पात्यापर्यंत जाणारी एकच रेघ, पाण्यातून मासा वळावा तशी. तेव्हा कुणी घेतली नाही म्हणून पेटी बंद झाली. मावशीने धार लावून घेतली आणि एक जोड जोडला. आकार हाताला नवा, म्हणून ह्या पहिल्या जोडाला आठ दिवस लागले. उघडून एक पातं वरून सोडलं की ते तिसऱ्या हिश्शापर्यंत खाली यायचं आणि थांबायचं, माणूस वाक्याच्या मध्ये विचार करायला थांबतो तसं.

मग नेविनने डोकं चालवलं. बेल्जियममधल्या गेंटमध्ये कुणी एक आन्नेलोर कॉपेन्स नावाची बाई आहे, ती एक लहानशी गाडी घेऊन युरोपभर हिंडते आणि चार-पाच माणसांच्या कारखान्यांतल्या चांगल्या वस्तू शोधून आपल्या दुकानात मांडते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. नेविनने साहेबांच्या नावाने पत्र पाठवून दिलं. साहेबांना नंतर सांगितलं. साहेबांनी उसासा टाकला.

बाई ऑक्टोबरात आली. गाडीत पोर्तुगालचे झाडू, एस्टोनियाची लोण्याची सुरी, कुठलासा तिपाई स्टूल. बाईंची रीत अशी की वस्तू आधी बघायची नाहीच. आधी तळव्याने कुरवाळायची. आमची भाषा त्या शिकून बोलतात, आणि वाक्याला सारखं शेपूट लावतात.

"किती सुंदर उजेड आहे इथे, की नाही? आणि हा वास तेलाचा, की नाही?"

"संडासाचा आहे," नेविन म्हणाली.

साहेबांनी कोरडी बिस्किटं आणि वाफाळती कॉफी पुढे केली. बाईंचं लक्षच नव्हतं. त्यांना बाकावरची ती कात्री दिसली होती. उचलली, कुरवाळली, बोटं कड्यांत घातली. मी शपथेवर सांगते, त्या बाईचा श्वास अडला. मी तो आवाज अजून काढून दाखवते. ब्रेमखाम्पसाहेब उसासा टाकायचे विसरले.

"ही… ही तुम्ही जोडली?"

मावशीने मान हलवली.

"मी बारा वर्षं अशी कात्री शोधते आहे. पण मी नुसतं रूप बघून काही घेत नाही. करणाऱ्यालाच विचारते. मला अगदी खरं सांगा, की नाही? कशी आहे ही?"

मावशीने कात्री घेतली, एकदा मिटली, ऐकलं. आणि आठ दिवसांच्या मेहनतीवर, चाळीस वर्षांच्या कानावर हात ठेवून, तिच्याकडे होता तो सगळ्यात मोठा शब्द तिने त्या परक्या बाईला दिला.

"चालते."

बाईंचा चेहरा उतरला. अगदी हळू, पडदा उतरावा तसा. "अच्छा," त्या म्हणाल्या. "चालते." त्यांनी कात्री अलगद खाली ठेवली. मावशीचा हात दोन्ही हातांत घेतला. "इतकं खरं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बाकी सगळे म्हणतात सर्वोत्तम, अद्वितीय. तुम्ही फार प्रामाणिक आहात, की नाही?" आणि बाई गेल्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी आम्ही सगळे दारातच.

"टेशेबाई!" उसासा नाही, काही नाही, थेट किंचाळीच. "एकदा 'उत्कृष्ट' म्हणाला असतात तर जीभ झडली असती का?"

"उत्कृष्ट चीजच्या पाकिटावर लिहितात."

"तिला वाटलं बरी आहे! कामचलाऊ आहे!"

मावशीला ते खरंच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं ती ज्यांच्याशी बोलली ती सगळी इथली माणसं होती, आणि इथे चालते म्हणजे चालते.

"फोन करून समजावून सांगा," साहेब म्हणाले.

"फोनवर कात्री ऐकू येत नाही," मावशी म्हणाली. "मी जाते."

माझी मावशी कोलोनच्या पलीकडे कधी गेली नव्हती. कोलोनलाही दोनदाच, दोन्ही वेळा दातासाठी. शाळेला सुट्टी होती, आणि मला इंग्रजी येतं, म्हणून मी बरोबर. निघायच्या आदल्या संध्याकाळी ब्रेमखाम्पसाहेबांनी कात्री स्वतः घेतली, "जरा चकचकीत करतो" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्टेशनवर तेलकागदात गुंडाळून आणून दिली. मावशीने ती वाफल्सच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, खाली वाफल्स, वर कात्री. डबा मांडीवर. ब्रसेल्स येईपर्यंत तिने मला एक वाफल काढू दिला नाही; कात्री हलेल म्हणे.

गेंटचं दुकान कालव्याजवळ होतं. आत प्रत्येक वस्तूला भरपूर मोकळी जागा, जणू प्रत्येकीला ताप आला आहे. प्रत्येकीजवळ एक छोटं कार्ड. झाडूच्या कार्डावर पंधरा ओळी. मी वाचून दाखवल्या. मावशी म्हणाली, "एवढ्यात झाडून झालं असतं."

आन्नेलोरबाई आतून आल्या आणि आम्हाला बघून जागीच उभ्या राहिल्या. "तुम्ही? इतक्या लांब?"

मावशीने नमस्कार वगैरे काही केला नाही. "दुकानात कात्र्या किती आहेत?"

"सहा प्रकारच्या. का?"

"सगळ्या काढा. पातळ कागद ओला करून घ्या. मी भिंतीकडे तोंड करते. तुम्ही एकेकीने कापा. मुठीपासून टोकापर्यंत, हळू."

मला वाटलं बाई आम्हाला बाहेर काढणार. पण त्यांनी टिशूचा कागद भिजवला. मावशीने स्टूल भिंतीकडे फिरवला, हात मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. लाम्बेर्टसच्या त्या तीन महिन्यांतली सतरा वर्षांची मुलगी कशी दिसत असेल, ते मला तेव्हा कळलं. पाठ अगदी ताठ.

पहिली कात्री. "चावते. टोकापासून दोन बोटं आत."

बाईंनी ओला कागद उजेडाकडे धरला. तिथेच फाटला होता.

दुसरी, काळी, मऊ रंगाची, दुकानातली सगळ्यात महाग. "रिव्हेट आहे. सैल. चघळते. हिला काही करता येणार नाही."

तिसरी. "अडते." चौथी. "हीही अडते, पण सवयीने अडते, बिचारी." पाचवी. "टोकापाशी झोपते." सहावी. "चावते."

बाईंचा चेहरा लाल झाला होता. चिडल्या होत्या का लाजल्या होत्या, कळेना. त्या काउंटरमागे गेल्या, खाली वाकल्या आणि खणातून एक जुनी, डाग पडलेली शिंप्याची कात्री काढली. ती विकायला नव्हती. तिने त्यांनी कागद कापला.

आवाज असा आला: स्स्स्स्स. बस्स. रेशमावरून नख फिरवल्यासारखा, आणि शेवटी टिकसुद्धा नाही.

भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मावशीने मान जरा कलती केली. मग म्हणाली, "चालते."

आणि परत, हळूच, "फार दिवसांनी ऐकली. आमच्याकडची नाही. दक्षिणेकडची असणार. पण चालते."

बाई त्या जुन्या कात्रीकडे बघतच राहिल्या. "स्पेनमधली आहे," त्या म्हणाल्या. "एका म्हाताऱ्याने दिलेली. तो आता नाही. बारा वर्षं हिच्यासारखी दुसरी शोधते आहे." मग त्यांनी मावशीच्या पाठीकडे पाहिलं. आता शेपटाचं नावही नव्हतं. "तुम्ही त्या दिवशी हाच शब्द म्हणाला होतात."

"दुसरा शब्द नाहीये आमच्याकडे."

बाईंनी डबा स्वतः उघडला. तेलकागद सोडवला. आमची कात्री बाहेर आली, चकचकीत, माशासारखी. त्यांनी नवीन कागद भिजवला. मी डोळे मिटले. खरं सांगते, बोटंसुद्धा एकमेकांत अडकवली.

बाईंनी कापलं.

मावशी म्हणाली, "अडते."

मी पुटपुटले, "मावशी, ही आपली आहे."

"ठाऊक आहे कुणाची आहे ती. अडते. मध्यावर." तिने स्टूल फिरवला. कात्री घेतली, एकदा मिटून ऐकली आणि तिचे डोळे बारीक झाले. "ब्रेमखाम्पचा हात लागलाय. चकचकीत करतो म्हणून स्क्रू आवळून ठेवला गाढवाने."

ती एक शब्द खोटं बोलली असती तर तिचा बाक तिथेच वाचला असता. बाई तर आधीच अर्ध्या वितळल्या होत्या. पण ते मावशीच्या डोक्यातच आलं नाही, मी तिचा चेहरा बघत होते. तिने कोटाच्या खिशातून तो छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला. तो त्या खिशात चर्चमध्येसुद्धा असतो. चतुर्थांश फेरा उलटा. तेलाचा एक थेंब, तोही वाफल्सच्या डब्यातून आलेल्या बाटलीतला. पातं वरून सोडलं. तिसऱ्या हिश्शापर्यंत आलं, थांबलं.

"आता."

ती पुन्हा भिंतीकडे वळली. बाईंनी कापलं.

स्स्स्स्स.

मावशीने काही म्हणायच्या आत बाईच म्हणाल्या, आमच्या गावच्या हेलात, अगदी माझ्याइतक्या हुबेहूब, "चालते."

मग आम्ही वाफल्स खाल्ले. बाईंनी चाळीस जोड मागितले, पेटीतली सगळी पाती, आणि त्यानंतर तोच आकार नव्याने घडवून दर वर्षी. फक्त कार्डावर काय लिहायचं ह्यावर गाडी अडली. बाईंना कमीत कमी सात ओळी हव्या होत्या: नदी, वडिलांची सहाण, पायरीवरचे अकरा दिवस.

"पायरी कापायला लागते का?" मावशीने विचारलं.

"लोकांना गोष्ट हवी असते, की नाही?"

"गोष्ट ही सांगेल," म्हणून तिने माझ्याकडे बोट केलं. "कार्डावर मी लिहिणार. एकच शब्द. आणि जी खरंच चालते तिच्याच कार्डावर."

"पण लोकांना वाटेल, कामचलाऊ आहे!"

"कापून बघतील."

परत आल्यावर साहेबांना मी आधी सगळी हकीकत सांगितली, सगळ्यांच्या आवाजांत, 'गाढवाने'सकट. त्यांनी एवढा लांब उसासा टाकला की नेविनच्या टेबलावरचे कागद हलले. रिव्हेटचं यंत्र मागवायचं पत्र त्यांनी खणातून काढलं, घडी घातली आणि डगमगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सारलं.

संत मार्टिनच्या आदल्या दिवशी चाळीस जोड तयार झाले आणि कार्डं एकतीस.

"हं… टेशेबाई. उरलेली नऊ?"

"अडतात."

"मला तर सारख्याच दिसतात!"

"दिसतात," मावशी म्हणाली आणि पहिलीचा स्क्रू उघडला. दुसऱ्या दिवशी पोरं कंदील घेऊन रस्त्यावर निघाली, नेविनने सगळ्यांसाठी ह्या सणाची पावाची माणसं, म्हणजे माणसाच्या आकाराचे गोड पाव, आणली, तोंडात मातीची चिलीम असलेली. तोवर नऊही झाली. चाळिसावं कार्ड लिहून मावशीने ते पेटीत ठेवलं आणि मग खाली वाकली. मला वाटलं काही पडलं. ती बाकाच्या पायांतले चार स्क्रू काढत होती.

साहेब दचकले. "अहो, बाक कुठेही जात नाहीये! मी शब्द दिलाय!"

"जाणार आहे. हातभर डावीकडे." तिने बाक ढकलला. खिडकीचा अर्धा उजेड रिकाम्या जमिनीवर पडला. मग संडासाच्या दिशेने आवाज दिला, "नेविन! उद्या पहाटे ये. तोंड भिंतीकडे करून बसायचंय. तीन महिने."

"बोलायचं नाही का?" तिकडून प्रश्न आला.

"पाच शब्द बोलायचे."

नेविनने पावाच्या माणसाचं डोकं चावून तोडलं आणि भरल्या तोंडाने म्हणाली, "पाचवा मला आत्ताच येतो."

"तो शेवटी," मावशी म्हणाली आणि सुटे झालेले चार स्क्रू खिशात टाकले.